विमानातली हवा आणि आजारी बाळ

जपानच्या ओकिनावा बेटावर कादेना हा अमेरिकेचा मोठा हवाई तळ आहे. तेथे सैनिकांबरोबर त्यांची कुटुंबेही राहतात. अशा घरातले एखादे बाळ गंभीर आजारी पडले आणि बेटावरचे उपचार अपुरे ठरले, तर त्याला होनोलुलूच्या ट्रिप्लर लष्करी रुग्णालयासारख्या दूरच्या ठिकाणी न्यावे लागते. अंतर सुमारे ७,५०० किलोमीटर! विमानाशिवाय गत्यंतर नाही. पण विमानातली हवाच बाळाला घातक ठरू शकते. ती कशी?

समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाइतका असतो. उंच उडणाऱ्या विमानात यंत्राने हवा दाबून भरतात. तरी आतला दाब साधारणपणे २,४०० मीटर उंच डोंगरावर असतो तेवढा, म्हणजे ५६५ मिलिमीटरच्या आसपास उतरू शकतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण २१ टक्केच राहते. पण त्याचा दाब १६० वरून ११९ मिलिमीटरवर येतो. निरोगी माणसाला हे फारसे जाणवत नाही. दुबळ्या फुप्फुसांच्या बाळाला मात्र प्राणवायू कमी पडतो. म्हणून उबदार पेटीत ठेवलेल्या बाळाला जादा प्राणवायू देतात. तो किती लागेल, याचा हिशेब उड्डाणापूर्वीच करतात.

दुसरा धोका बॉइलच्या नियमातून उद्भवतो. दाब कमी झाला की वायूचे आकारमान वाढते. जमिनीवरची ३ घन सेंटिमीटर हवा विमानात सुमारे ४ घन सेंटिमीटर होते. फुप्फुसातून निसटलेली हवा छातीत अडकली असेल, तर ती फुगून फुप्फुसालाच दाबते. म्हणून नळी बसवून ती आधीच बाहेर काढतात.

मग विमान खालूनच का नेऊ नये? तसेही करतात, आतला दाब मग जास्त राखता येतो. परंतु खालच्या दाट हवेत इंधन अधिक जळते, वेळही वाढतो, आणि खाली तर अथांग पॅसिफिक! म्हणून उंची किती ठेवायची, हे डॉक्टर व वैमानिक मिळून ठरवतात.

हा फरक तुम्हीही अनुभवू शकाल. सुई नसलेल्या नव्या सिरिंजमध्ये ३ घन सेंटिमीटर हवा घ्या, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या ४ च्या खुणेपर्यंत ओढा. आत आता विमानातल्याइतकाच दाब आहे. बोटाला जाणवणारी ती ओढ म्हणजेच बाळाच्या डॉक्टरांपुढचा प्रश्न.