हुशार पट्टी

आमच्या आबांना साखरेचा आजार आहे. मागच्या वर्षी उसाला पाणी देताना त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पण आबांना कळलेच नाही! सतरंजीवर डाग दिसला तेव्हा आईने पाय बघितला.

मी विचारले, "आबा, दुखलं नाही का?" आबा म्हणाले, "नाय रे बाळा, काहीच नाय वाटलं."

असे का होते? साखरेच्या आजारात पायाच्या नसा बधिर होतात. म्हणून लागलेले कळत नाही. पायाला रक्तही कमी पोचते. म्हणून जखम लवकर भरत नाही. आबांची जखम दोन महिने तशीच होती.

आजी म्हणायची, "उघडी ठेवा, वारा लागला की सुकंल." ती हळद आणि चुना लावायची. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, असे करू नका. जखम स्वच्छ, झाकलेली आणि थोडी ओलसर पाहिजे.

१९६२ साली जॉर्ज विंटर या इंग्लंडच्या शास्त्रज्ञाने डुकरांच्या काही जखमा उघड्या ठेवल्या आणि काही प्लास्टिकच्या पातळ कागदाने झाकल्या. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. बी कोरड्या ढेकळात उगवत नाही, चिखलात कुजते, वाफशावरच चांगले उगवते. जखमेचेही तसेच आहे.

आता तर हुशार पट्टी निघाली आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ती २०२२ साली दाखवली. तिच्यात कातडीसारखे वाकणारे पातळ सर्किट असते. जखमेत जंतू वाढले की जखम तापते. पट्टी ते ओळखते आणि बिनतारी मोबाईलला कळवते. शिवाय ती जखमेला अगदी हलका करंट देते. त्याने जखम भरायला मदत होते. उंदरांवर प्रयोग केला तेव्हा जखमा सुमारे २५ टक्के लवकर भरल्या. म्हणजे बधिर पायाच्या वतीने पट्टीच बोलते!

ही पट्टी आपल्या दवाखान्यात अजून मिळत नाही. आबांची जखम साध्या पट्टीनेच भरली, पण चार महिने लागले. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर केला असता तर बोट काढावे लागले असते. ते ऐकून आजी रडली.

आता मी रोज रात्री बॅटरी लावून आबांचे दोन्ही तळवे बघतो. आबा हसतात आणि म्हणतात, "आला माझा डॉक्टर!"

तुमच्या घरी कोणाला साखर असेल तर तुम्ही पण रोज पाय बघा. अनवाणी शेतात जाऊ देऊ नका. पाय सुजला, लाल झाला किंवा वास आला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

– इयत्ता ४ थी