चाचणीपुरती परवानगी

आमच्या कागलात गैबी चौकातून मान वर केली, की घरांवरच्या तबकड्या आग्नेयेकडे तोंड करून बसलेल्या दिसतात. त्यांचे उपग्रह 36 हजार किलोमीटरवर. तिथे नवा उपग्रह पोचला की आधी त्याची चाचणी होते, आणि त्या चाचणीलाही परवानगी लागते!

मला हा निव्वळ कागदी सोपस्कार वाटे. पण शेजारचा उपग्रह अवघ्या दोन-तीन अंशांवर असतो. चाचणीची लहर त्याच्या हद्दीत शिरली, तर कुणाचं चित्र गोठेल, कुठलं एटीएम बंद पडेल. उरुसात दोन कर्णे समोरासमोर लागले की काय होतं, ते आपण ऐकलंच आहे.

म्हणून अर्जात जागा, लहरी, ताकद, दिवस सगळं लिहायचं. अमेरिकेत ही तात्पुरती मुभा एका वेळी जास्तीत जास्त 180 दिवसांची. दुसऱ्याला त्रास झाला तर तत्काळ थांबायचं. आपल्याला झाला तर तक्रार नाही. आपल्याकडे लहरींचा कारभार दूरसंचार खात्याची बिनतारी शाखा पाहते.

इन्सॅट-4ए डिसेंबर 2005 मध्ये सुटला. कर्नाटकातल्या हासनच्या केंद्रातून त्याची तपासणी झाली आणि ऑगस्ट 2006 मध्ये त्याच्यावरून टाटा स्काय घरोघरी दिसू लागलं.