शून्य कराचं बिल

कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत एका दुकानाच्या माळ्यावर ऑनलाइन ऑर्डरींचं पॅकिंग चालतं. टेबलावर तीन खोकी होती. तिन्हींत एकाच घडणीचा, कानवाला कोल्हापुरी जोड, किंमत २,२०० रुपये. पत्ते मात्र पुणे, बंगळूर आणि मेलबर्न. कॉम्प्युटरवर बसलेल्या पोराने बिलं काढली. पुण्याच्या बिलावर केंद्राचे ५५ आणि राज्याचे ५५ रुपये लागले, बंगळूरच्या बिलावर आयजीएसटीचे, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरच्या कराचे ११० आणि मेलबर्नच्या बिलावर शून्य. (२२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे थेट १८. त्यामुळे २,६०० चा जोड देशात विकणं जरा अवघडच झालंय.)

जीएसटी माल जिथे वापरला जाणार तिथला कर आहे. जोड मेलबर्नला घातला जाणार असेल, तर त्यावर भारताने कर घ्यायचा नाही. तत्त्व एवढं सोपं. सगळी खटपट आहे ती जोड खरंच देशाबाहेर गेला हे दाखवण्याची.

त्यासाठी दुकानदाराने दर आर्थिक वर्षासाठी जीएसटी पोर्टलवर हमीपत्र भरलेलं असतं. त्याला सगळे एलयूटीच म्हणतात. हा माल कर न भरता निर्यात होत आहे, असं ठरलेलं वाक्य बिलावर छापावं लागतं. बिलाच्या तारखेपासून तीन महिन्यांत माल बाहेर गेला नाही, तर कर भरा, वर १८ टक्क्यांनी व्याज.

चारच्या सुमारास कुरियरचा माणूस आला. खोकं तराजूवर ठेवत त्याने सवयीने विचारलं, “गिफ्टमध्ये टाकू काय?”

“नको ओ. फाइव्हमध्येच टाका,” मालक म्हणाले.

हा ‘फाइव्ह’ म्हणजे कुरियर शिपिंग बिलाचा पाचवा नमुना, विकलेल्या मालासाठीचा. भेटवस्तू आणि नमुन्यांसाठी चौथा नमुना असतो. त्यात कागद कमी लागतात, म्हणून एजंट लोकांना तो आवडतो. पण भेट म्हणून गेलेला जोड कस्टम्सच्या दफ्तरी विक्री म्हणून दिसत नाही. पाचव्या नमुन्यात निर्यातदाराचा आयईसी (आयात-निर्यात) क्रमांक आणि जीएसटी क्रमांक असतो. पुढे शिपिंग बिलाचा नंबर, तारीख आणि सहा अक्षरांचा पोर्ट कोड मिळतो, ते सगळं पोरगा जीएसटीआर-१ या विवरणपत्रात भरतो. कस्टम्सकडची नोंद आणि ही नोंद जुळली पाहिजे. एक आकडा इकडचा तिकडे झाला की परतावा अडकलाच.

हो, परतावासुद्धा मिळतो. ग्राहकाकडून कर घेतला नाही, तरी दुकानदाराने चामड्यावर, खोक्यावर भरलेला कर वाया जात नाही. सगळ्यात मोठी रक्कम कुरियरची असते. जोडाला कर शून्य, पण परदेशी कुरियरच्या बिलाला १८ टक्के. त्या दिवशीचं भाडं २,८०० होतं, त्यावर ५०४ रुपये जीएसटी. देशातल्या जोडावर घेतलेल्या कराच्या जवळजवळ पाचपट! ही रक्कम खात्यात साठत जाते आणि मग आरएफडी-०१ हा परताव्याचा अर्ज भरून मागायची. मोठ्या निर्यातदाराला याचं काही वाटत नसेल. दिवसाला दोन जोड पाठवणाऱ्याचं भांडवल त्यात अडकून पडतं. निर्यातीला उत्तेजन देण्याच्या गप्पा ऐकताना मला हे ५०४ रुपये आठवतात.

इथला कर सुटला म्हणजे ग्राहक सुटला असंही नाही. ऑस्ट्रेलियाने २०१८ पासून हजार डॉलरपर्यंतच्या पार्सलवरचा १० टक्के कर विक्रेत्यानेच गोळा करावा असं ठरवलं, पण तिथली विक्री वर्षाला ७५,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आत असलेल्याला नोंदणीची सक्ती नाही. म्हणून आमचा मेलबर्नचा जोड दोन्हीकडून मोकळा. युरोपात २२ युरोपर्यंतची जुनी सूट १ जुलै २०२१ ला गेली. जर्मनीचा ग्राहक दारात १९ टक्के भरतो, वर कुरियरचा हाताळणी आकार. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची ड्युटीमाफी २९ ऑगस्ट २०२५ ला बंद केली, त्याच्या तोंडावर आपल्या पोस्टाने तिकडची बहुतेक पार्सलं घेणंच थांबवलं होतं.

दुकानाच्या वेबसाइटवर आता ठळक अक्षरांत लिहिलंय की तिथला कर आणि ड्युटी ग्राहकाने द्यायची. तरी काही जण दारात पैसे मागितले की पार्सल नाकारतात. मग ते परत आणायचं तर उलटं भाडं, आणि एलयूटीवर गेलेला माल परत आला की न भरलेला आयजीएसटी इथे कस्टम्सला भरायचा. मालक गेल्या महिन्यातल्या अशाच एका जर्मनीच्या पार्सलचा मेल दाखवत होते. कुरियरने विचारलं होतं, परत पाठवू की तिथेच नष्ट करू? त्यांनी नष्ट करायला सांगितलं.