चेहऱ्यावरची आग आणि मेडिकलमधली ट्यूब

दसरा उलटला की नंदुरबारच्या पथाऱ्या लाल होतात. ओली मिरची उन्हात पसरली जाते, बायका ओळीने बसून देठ खुडतात. नाकातोंडावर पदर किंवा ओढणी घट्ट गुंडाळलेली असते, तरी डोळ्यांच्या कडा आणि गाल झोंबत राहतात. शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीच्या पट्ट्यात जोडीला कापूस, केळी आणि पपई आहे. पपई तोडताना देठातून गळणारा चीक हाताला लागतो आणि घाम पुसायला तोच हात गालावर फिरतो. मे महिन्यात पारा ४३ अंशांच्या वर जातो. अशा मुलखात कोणाचा चेहरा लालबुंद दिसला तर कारण शोधायला कोणी लांब जात नाही. ऊन लागले, मिरची लागली, अंगात उष्णता वाढली, एवढ्यावर विषय मिटतो. पुष्कळदा ते खरेही असते. मात्र दोन-चार दिवसांत न उतरणारी, महिनोन्‌महिने टिकणारी आग निराळी असते. तिचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा माग काढला, तर वाट शेतातून निघते आणि मेडिकलच्या काउंटरवर येऊन थांबते.

सुरुवात पुण्यापासून करावी लागते. १९५०च्या दशकात पुण्याच्या परिसरात एक परके तण दिसू लागले. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असावे, असे मानले जाते. गाजराच्या पानांसारखी पाने म्हणून लोकांनी त्याला गाजर गवत म्हटले. काही वर्षांतच त्वचारोगतज्ज्ञांकडे शेतकरी आणि मजूर येऊ लागले. पापण्या सुजलेल्या, कानामागची आणि मानेच्या वळ्यांतली कातडी लाल व जाड झालेली, आणि खाज अशी की रात्रीची झोप नाही. या गवतातले पार्थेनिन नावाचे द्रव्य वाळलेल्या पाना-फुलांच्या भुकटीबरोबर वाऱ्यावर उडते, उघड्या चेहऱ्यावर बसते, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी जडली की पुढच्या हंगामात थोड्याशा धुळीनेही चेहरा पेटतो. पुण्याचे डॉ. अरविंद लोणकर आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी १९७४ साली या त्वचादाहाची सविस्तर नोंद केली. लाल चेहऱ्याच्या विषयातले महाराष्ट्रातले हे महत्त्वाचे काम. रुग्ण ज्याला उन्हाचा त्रास समजत होता, त्याचे मूळ बांधावर उगवत होते. आजही शेतात राबणाऱ्या माणसाच्या पापण्या आणि मानेच्या वळ्या लाल असतील, तर बांधावर काय उगवले आहे हा प्रश्न आधी विचारायला हवा.

या रुग्णांना ज्या औषधाने आराम पडला, त्याच औषधाची पुढची गोष्ट मात्र वेदनादायक आहे.

हायड्रोकॉर्टिसोन १९५२ मध्ये त्वचेवर लावण्यासाठी वापरात आले. पुढच्या दशकात त्याहून कितीतरी जोरकस स्टेरॉइड मलमे निघाली. इसब, सोरायसिस, ॲलर्जी अशा आजारांत त्यांनी लाखो लोकांना दिलासा दिला. योग्य जागी, योग्य दिवसांपुरते लावलेले स्टेरॉइड मलम हे उत्तम औषध आहे, यात शंका नाही. पण चेहऱ्याची कातडी पातळ असते आणि ते तिच्यात चटकन शिरते. १९६९ मध्येच ब्रिटनमधल्या शेफील्डचे डॉ. स्नेडन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इशारा दिला होता, की रोझेशियाच्या, म्हणजे गाल-नाक लाल होऊन तसेच राहण्याच्या आजाराच्या, रुग्णांचा चेहरा जोरकस स्टेरॉइडमुळे आणखी बिघडतो. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘स्टेरॉइड रोझेशिया’ हे नावही रूढ झाले. म्हणजे धोका कळलेला होता. भारतातल्या काउंटरपर्यंत तो इशारा यायला पुढची चार दशके लागली.

दरम्यान बाजारात आल्या मिश्रणाच्या ट्यूबा. एकाच मलमात स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि जंतुनाशक. खाज असो, गजकर्ण असो, पुरळ असो, सर्वांवर तीच. दुसरे मिश्रण हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइडचे. वांगावर डॉक्टरांनी मोजक्या आठवड्यांसाठी द्यायचे ते औषध गोरे करणारी क्रीम म्हणून घराघरांत पोचले. गावाकडे त्वचेचा डॉक्टर नाही, तालुक्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, आणि मेडिकलवाला ओळखीचा. शेजारणीचा चेहरा आठ दिवसांत उजळला म्हणून तिच्या रिकाम्या ट्यूबचे खोके घेऊन दुकानात जायचे आणि तसलेच द्या म्हणायचे. लग्नसराईच्या आधी तर हमखास. यात त्या मुलींना दोष देता येत नाही. काळ्या-सावळ्या रंगावरून मुलगी नाकारणाऱ्या समाजाने त्यांना त्या काउंटरपर्यंत ढकलले आहे.

पहिले आठ-पंधरा दिवस खरोखर छान जातात. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवते, सूज दाबते, रंग फिकट दिसतो. मग एक दिवस ट्यूब संपते आणि चेहरा भडकतो. पुन्हा लावली की शांत. असे काही महिने गेले की गालांवर बारीक लाल शिरांचे जाळे दिसू लागते, पुरळ उठते, हनुवटीवर लव वाढते. उन्हात दोन पावले टाकली किंवा चुलीपुढे बसले तरी चटचट होते. साधे पाणीही झोंबते. आता ट्यूब सोडवत नाही, आणि लावल्याशिवाय राहवत नाही.

कोलकात्याचे डॉ. कौशिक लाहिरी आणि डॉ. अरिजित कुंडू यांनी २००८ मध्ये या अवस्थेला वेगळे नाव देऊन ती आजार म्हणून मांडली: स्टेरॉइडने बिघडलेला, स्टेरॉइडवर अवलंबून राहिलेला चेहरा. २०११ मध्ये देशभरातल्या १२ केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे सुमारे १५ टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यांतल्या २९ टक्क्यांनी ते गोरे होण्यासाठी किंवा रोजची क्रीम म्हणून वापरले होते, २४ टक्क्यांनी मुरुमांसाठी. जवळजवळ ६० टक्क्यांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवले होते, आणि ९० टक्क्यांहून अधिक जणांच्या त्वचेवर दुष्परिणाम दिसत होते. जास्त जोरकस स्टेरॉइडचा वापर ग्रामीण आणि निमशहरी भागांत अधिक आढळला. ब्राह्मणपुरीसारख्या गावांसाठी या अभ्यासातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच.

त्यानंतर देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या गैरवापराविरुद्ध कृतिदल उभे केले आणि सरकारकडे पाठपुरावा सुरू केला. कायद्यात एक मोठी फट होती. स्टेरॉइड औषधे शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, असली तरी बाहेरून लावण्याच्या मलमांना त्यातून सूट होती, त्यामुळे चिठ्ठीविना विक्री उघड चालत असे. मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमांची ही सूट काढून घेण्यात आली. मिश्रणांचा लढा आणखी लांबला. २०१६ मध्ये ३४४ मिश्र औषधांवर बंदी आली, त्याच वर्षअखेरीस दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी लागू झाली. त्यात त्वचेची कितीतरी मलमे होती. नियम आले हे मोठेच काम झाले. पण चिठ्ठी मागायची सवय दुकानदाराला आणि चिठ्ठी घ्यायची सवय गिऱ्हाइकाला अजून पुरती लागलेली नाही.

या सगळ्या गदारोळात खरा रोझेशिया हरवला. सहज लाल होणारे गाल-नाक, टिकून राहणारी लाली, दिसू लागलेल्या शिरा, मुरुमांसारखे पण काळ्या टोकाविना येणारे फोड, अनेकांना डोळ्यांत खुपल्यासारखे होणे, ही त्याची लक्षणे. २०१८ मध्ये निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे साडेपाच टक्के प्रौढांना तो असतो. पुस्तकांतली छायाचित्रे मात्र वर्षानुवर्षे गोऱ्या युरोपीय चेहऱ्यांचीच. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर लाली ठळक दिसत नाही. तिथे रुग्णाच्या बोलण्याकडे लक्ष द्यावे लागते: गरम वाटते, चटचटते, भाजल्यासारखे होते. २०१७ मध्ये या आजाराचे निकष नव्याने मांडले गेले. रुग्णाला एका ठरीव प्रकारात बसवण्याऐवजी त्याच्या चेहऱ्यावर प्रत्यक्ष जे दिसते ते पाहून उपचार ठरवावेत, अशी दिशा त्यातून मिळाली. सावळ्या चेहऱ्यांना ती विशेष उपयोगाची आहे.

मिरची आणि उन्हाचा संबंध त्याआधीच उलगडला होता. १९९७ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मज्जातंतूंवरचा एक ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारा रेणू, शोधला. मिरचीतल्या कॅप्सायसिनने तो चेततो आणि साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही तोच चेततो. २०२१चे नोबेल या कामाला मिळाले. म्हणजे मिरचीची आग आणि उन्हाची आग मेंदूकडे एकाच दारातून जातात. रोझेशियाच्या त्वचेत या जातीचे ग्राहक अधिक प्रमाणात आढळले आहेत. देठ खुडणाऱ्या बाईने आपला चेहरा आतून पेटतो असे सांगितले तर ती अगदी खरे सांगत असते.

गोरेपणाच्या क्रीमचा याहून गंभीर टप्पा २०२३च्या सुरुवातीला समोर आला. अकोल्यातल्या एका तरुणीची, तिच्या आईची आणि बहिणीची मूत्रपिंडे बिघडली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासात संशयाची सुई त्या वापरत असलेल्या क्रीममधल्या पाऱ्याकडे वळली. केरळमध्येही तसेच रुग्ण नोंदले गेले. भारताच्या २०२०च्या नियमांनुसार चेहऱ्याच्या प्रसाधनात नकळत राहिलेला पारा दहा लाखांत एक भाग एवढाच चालतो.

उपचार आता हाताशी आहेत. मेट्रोनिडाझोल, अझेलिक ॲसिड आणि आयव्हरमेक्टिनची मलमे, कमी मात्रेतले डॉक्सिसायक्लिन, ठळक शिरांसाठी लेझर. २०२०पासून नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रोजची काळजी त्याहून साधी: सौम्य फेसवॉश, बिनवासाचे मॉइश्चरायझर, झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, खरखरीत स्क्रब पूर्ण बंद. मिरचीचा हात नुसत्या पाण्याने सुटत नाही, कारण कॅप्सायसिन तेलात विरघळते. आधी तेल चोळून मग साबण लावावा. चीक लागला तर वाळण्याआधी पाण्याने आणि साबणाने धुवावा. तोंडाला बांधायचा रुमाल रोज धुतलेला हवा, नाहीतर कालची भुकटी आज गालावर बसते. लाल चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर मलमाचा विचारही न करता कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

ट्यूब सोडण्याचे काम सर्वांत अवघड. बंद केल्यावर काही दिवसांत चेहरा सुजतो, लाल होतो, आधीपेक्षा वाईट दिसतो, आणि बहुतेक जणी याच वेळी घाबरून पुन्हा काउंटरवर जातात. डॉक्टर स्टेरॉइड हळूहळू उतरवतात किंवा थांबवून दुसरी औषधे देतात. भडका ओसरायला काही आठवडे लागतात, जुन्या वापरात काही महिनेही. घरात एवढे दिवस त्या चेहऱ्याला कोणी टोमणा मारला नाही तर औषधाचे काम सोपे होते. तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा, संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी एखादे नाव बारीक अक्षरांत कुठे ना कुठे छापलेले असते.