वाकलेले चुंबक, सरळ प्रकाश

संपादकांना कृष्णद्रव्यावर लेख हवा होता. मी हॅम्बुर्गच्या ‘डेझी’ संशोधन केंद्रातल्या ‘आल्प्स-2’ प्रयोगाबद्दल वाचायला घेतलं आणि त्याच्या चुंबकांपाशीच अडकलो.

कल्पना सोपी आहे. भिंतीवर लेझर मारायचा आणि पलीकडे उजेड पडतो का ते पाहायचं. कृष्णद्रव्याचे उमेदवार मानले जाणारे अ‍ॅक्सिऑनसारखे कण खरोखर असतील, तर प्रबळ चुंबकीय क्षेत्रात क्वचित एखाद्या फोटॉनचा तसा कण होईल, भिंत बिनदिक्कत पार करेल आणि पलीकडच्या चुंबकांत पुन्हा फोटॉन होईल. अ‍ॅक्सिऑनचं मूळ पेच्चेई आणि क्विन यांच्या 1977 च्या सिद्धान्तात आहे.

चुंबक आले ते 2007 मध्ये बंद झालेल्या ‘हेरा’ या त्वरकातून. अतिवाहक, 5.3 टेस्लाचे, भिंतीच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा. पण हेराच्या 6.3 किलोमीटर परिघाच्या बोगद्यात प्रोटॉन गोल फिरायचे, म्हणून दहाएक मीटरचा प्रत्येक चुंबक घडवतानाच किंचित बाकदार केलेला. बाक जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचा. प्रोटॉनला तो हवाच होता, प्रकाशाला मात्र सरळ वाट लागते. शिवाय शंभराहून अधिक मीटर जाताना लेझरचा झोत पसरतो. त्याची कड नळीला घासली, की प्रकाश वाया गेला.

मग अभियंत्यांनी चुंबक चक्क सरळ केले. बाहेरच्या कवचातून आधार घालून गाभा मधोमध दाबला. कवच खोलीच्या तापमानाला आणि गाभा उणे 269 अंशांच्या आसपास, त्यामुळे आधाराने जोर पोचवायचा, पण उष्णता नाही. सिद्धान्ताच्या भपक्यापेक्षा मला ही कारागिरी मोठी वाटते.

खरी कसोटी पुढे आहे. भिंतीपलीकडे समोरासमोर बसवलेल्या दोन आरशांमध्ये प्रकाश हजारो वेळा ये-जा करतो, त्यामुळे परतलेला फोटॉन दिसण्याची शक्यता वाढते. त्यासाठी 120 मीटरहून अधिक असलेलं ते अंतर अणूच्या व्यासाहूनही बारीक अचूकतेनं राखावं लागतं. ते राखायलाही लेझरच लागतो आणि त्याचाच उजेड खऱ्या खुणेला गिळू शकतो, म्हणून त्याची वारंवारता वेगळी ठेवतात. एखादी फट, एखादं परावर्तन, एवढ्यानंही दिवसाला एखाददुसऱ्या फोटॉनचा हिशोब कोलमडतो. म्हणूनच मे 2023 मध्ये सुरुवात झाली ती भिंतीअलीकडची तशीच आरशांची जोडी न लावता. संवेदनक्षमता कमी झाली, पण चोरटा उजेड शोधणं सोपं गेलं. पहिल्या मोजणीत नवा कण दिसला नाही.

सावधगिरीला पूर्वानुभवही आहे. 2006 मध्ये इटलीतल्या ‘पीव्हीलास’ प्रयोगानं चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाचं ध्रुवण फिरल्याचं जाहीर केलं आणि जगभर खळबळ उडाली. उपकरण सुधारल्यावर त्याच गटाला तो परिणाम पुन्हा मिळाला नाही. त्यामुळे हॅम्बुर्गमध्ये उद्या फोटॉन दिसलाच, तर पहिलं काम चुंबक बंद करून पाहण्याचं. तरीही तो येत राहिला, तर पुन्हा फट शोधायची.