प्लॉट नंबरवर चालणारी साखळी

दिंडोरीची द्राक्षं युरोपला निघाली की त्यांच्यामागे ‘ग्रेपनेट’ असतं. शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या ‘अपेडा’ या केंद्रीय संस्थेने 2006 मध्ये सुरू केलेली, माल कुठल्या प्लॉटचा याचा माग ठेवणारी ही ऑनलाइन प्रणाली. प्लॉटची नोंदणी कृषी विभागाकडे, औषधांच्या अंशांची तपासणी प्रयोगशाळेत, पॅकिंग पॅकहाऊसमध्ये, प्रतवारीचा दाखला अ‍ॅगमार्कचा. ज्याने त्याने आपापलंच भरायचं. दुवा प्लॉटच्या नोंदणी क्रमांकाचा. नमुना नापास झाला, की त्या प्लॉटचा माल पुढे सरकत नाही. सगळं एकाच खात्याच्या गळ्यात मारलं असतं, तर हंगामात काय झालं असतं, ते बागाईतदारच सांगेल!

ज्याने त्याने आपलं काम करायचं आणि पुढच्याशी जोडून घ्यायचं, ही कल्पना संगणकातही जुनीच. प्रोग्राम बागेतल्या नळीसारखे जोडता यावेत, असं बेल लॅब्जच्या डग मॅकिलरॉय यांनी 1964 मध्ये लिहिलं होतं. युनिक्स या संगणकप्रणालीत एका प्रोग्रामचं काम थेट पुढच्याच्या हाती देणारा ‘पाइप’ आला 1973 मध्ये.