झालरीचा गळ : कथील कीं शिसें?

गोड्या पाण्यांतील शिकारी मासा भक्ष्य ओळखतो तें मुख्यतः त्याच्या हालचालीवरून. अमेरिकेंतील हौशी मासेमारांनीं ‘बास’ नांवाच्या माशासाठीं ‘जिग’ हा झालरीचा गळ रूढ केला, तो याच तत्त्वावर. वऱ्हाडांत बास नाहीं; परंतु पैनगंगेच्या खोऱ्यांत मरळ आणि शिंगाळा हे दोन शिकारी मासे आहेत. मरळ पाणवनस्पतींच्या आडोशास दबा धरून राहतो आणि हवा घेण्यासाठीं अधूनमधून वर येतो. शिंगाळा तळालगत फिरतो. मरळीसाठीं गळास जिवंत बेडूक टोंचण्याची चाल जुनी आहे. झालरीच्या गळानें तें क्रौर्य टळतें, आणि हा गळ घरींही करतां येतो.

या गळाचे भाग तीन : गळ, धातूचें डोकें व झालर. गळ असा घ्यावा कीं, ज्याचें नेढें दांडीशीं काटकोनांत वळलेलें असेल. डोक्याच्या भारानें असा गळ खालीं जातांना त्याचें अणकुचीदार टोंक वर राहतें व तळाच्या काडीकचऱ्यांत सहसा अडकत नाहीं. डोक्याचें वजन सात ते चौदा ग्रॅम पुरे होतें. वजन वाढलें म्हणजे गळ लांब जातो व लवकर बुडतो. उथळ पाण्यास हलका बरा.

डोक्यासाठीं बहुतेक लोक शिसें घेतात. तें स्वस्त असतें, ३२७ अंश सेल्सियसला वितळतें आणि पाण्याच्या अकरापटींहून अधिक जड असतें. पण शिसें हें विष आहे. त्याचें कोणतेंही प्रमाण निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. सर्वांत मोठें नुकसान लहान मुलांच्या मेंदूचें होतें. रसावर येणारी मळी, कानस मारतांना उडणारी पूड आणि हातांस लागलेला काळपटपणा, यांवाटे तें घरांत शिरतें. पाणपक्षी अन्न दळण्यासाठीं खडे गिळतात आणि त्यांबरोबर शिशाचे तुकडेही गिळतात. इंग्लंडांत राजहंस या विषानें मरूं लागले, म्हणून तेथें १९८७ पासून मासेमारीच्या बहुतेक लहान शिसवजनांवर बंदी आली.

यास उपाय आपल्याच स्वयंपाकघराच्या परिचयाचा आहे : कल्हईचें कथील. तें २३२ अंशांवरच वितळतें. त्याची घनता शिशाहून कमी असल्यानें त्याच वजनाचें डोकें आकारानें सुमारें दीडपट होतें, एवढाच काय तो भेद. मात्र कथील शुद्ध असावें. डाख देण्याच्या धातूंत पुष्कळदां शिसें मिसळलेलें असतें.

ओतकाम उघड्या जागीं, स्वतंत्र पळींत करावें. स्वयंपाकाचें भांडें त्यासाठीं घेऊं नये. दोन अर्धांचा सांचा आधीं तापवून पूर्ण कोरडा करावा. ही सूचना क्षुल्लक मानूं नये. सांच्यांत पाण्याचा एक थेंब राहिला तरी त्याची वाफ होतांना तो सुमारें सोळाशेपट फुगतो व तप्त रस अंगावर उडवतो. डोळ्यांवर चष्मा, हातांत जाड मोजे आणि मुलें दूर, हा नियम कथिलासही लागू आहे. गळ सांच्यांत बसवून रस एका धारेनें ओतावा, थंड झाल्यावर कडा कानशीनें साफ कराव्या आणि वर गडद रंग द्यावा.

झालरीसाठीं सिलिकोन रबराच्या चाळीस-पन्नास बारीक पट्ट्या डोक्यामागील खांचेंत पक्क्या दोऱ्यानें आंवळाव्या. कोंबड्याच्या मानेचीं मऊ पिसेंही चालतात. गळ ओढला म्हणजे झालर मिटते, थांबला म्हणजे उमलते. त्या मिटण्या-उमलण्यानें माशास झिंग्याचा किंवा बेडकाचा भास होतो. म्हणून गळ सतत ओढूं नये; तळास टेकूं द्यावा, हळूच उचलावा, पुन्हा टेकूं द्यावा. गढूळ पाण्यांत काळी किंवा जांभळी झालर अधिक उठून दिसते.

वापरतांना दोन बंधनें पाळावीं. महाराष्ट्रांत अनेक जलाशयांतील मासेमारीचा हक्क ठेक्यानें सहकारी संस्थांकडे असतो. त्यांची अनुमति आधीं घ्यावी. पावसाळ्यांत पाण्यावर तांबूस पिलांचा थवा दिसला तर तेथें गळ टाकूं नये. खालीं त्यांचे आईबाप राखण करीत असतात. ते गेले कीं पिलें इतर माशांच्या तोंडीं पडतात.

इतकी काळजी घेऊनही दोरा केव्हां तरी तुटतोच आणि गळ तळाशीं राहतो. वाशिमजवळच्या एकबुर्जी जलाशयाचें पाणी शहर पितें. अशा जलाशयांच्या कांठीं पक्षीही उतरतात. तेथें मागें काय सोडावयाचें, हें धातु निवडतांनाच ठरतें.